डिरॅकवाला रिसीव्हर घ्यायच्या आधी एक माइक घ्या

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, ५.१ सिस्टिम आहे (पाच स्पीकर आणि एक सब, म्हणजे खालच्या बासचा वेगळा स्पीकर), स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरमधे ऑडिसी एक्सटी३२ आहे, म्हणजे माइकने मापून खोलीप्रमाणे आवाज सुधारणारं सॉफ्टवेअर, सब एकच आणि तो कोपऱ्यात, खोली साधारण ५ मीटर लांब आणि सोफा बरोबर मधोमध. काही सीनला बास नुसता घुमतो आणि जिथे खरी खोल धडधड हवी तिथे काहीच येत नाही. म्हणून डिरॅकवाला (डिरॅक हे ऑडिसीसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) नवा रिसीव्हर आणि दुसरा सब एकदम घ्यायचाय, दोन्ही मिळून दोन महिन्यांचा हातात येणारा पगार, अर्धे इमर्जन्सी फंडातून आणि अर्धे १२ हप्त्यांत.

माझं मत स्पष्ट आहे, आत्ता दोन्ही घेऊ नका. शौकावर खर्च करू नये असं मी अजिबात म्हणत नाहीये, रोज वापरायची गोष्ट आहे, त्यावर खर्च झालाच पाहिजे. पण तुम्ही ज्या दुखण्यावर पैसे लावताय त्याचं निदानच अजून झालेलं नाही.

हिशोब करून बघा. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने, म्हणजे १० ने भागलं की ३४ हर्ट्झ येतात, हा खोलीच्या लांबीचा पहिला मोड, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमधे आपटून ज्या फ्रिक्वेन्सीला आवाज साचतो ती. त्याचं दाबाचं शून्य, म्हणजे जिथे तो जवळजवळ ऐकूच येत नाही ती जागा, खोलीच्या अगदी मधे पडते, म्हणजे तुमच्या सोफ्यावर. दुसरा मोड ६९ च्या आसपास, आणि तो मधोमध सगळ्यात जोरात असतो. म्हणजे खालचा बास गायब आणि वरचा घुमणारा, अगदी तुम्ही लिहिलंय तसंच. रुंदी आणि उंचीचे मोड वेगळे, सबची जागाही यात येते, त्यामुळे मापल्याशिवाय मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण संशय दाट आहे.

आता महत्त्वाचं. डिरॅक असो, ऑडिसी असो, घुमणारा उंचवटा दोघंही कापू शकतात, पण मोडमुळे पडलेला खड्डा दोघांनाही भरता येत नाही. तिथे १० डीबी वाढवायला गेलात तर ॲम्पला १० पट पॉवर द्यावी लागते आणि तरीही त्या जागी आवाज एकमेकाला खोडतच राहतो, सब मात्र उगाच दमतो. त्यामुळे दोन महिन्यांच्या पगारातला मोठा वाटा असलेला रिसीव्हर तुमची अर्धी तक्रार सोडवणारच नाही. शिवाय रिसीव्हरची किंमत वापरायला काढल्यापासून झपाट्याने उतरते, दर काही वर्षांनी एचडीएमआय आणि फॉरमॅट बदलतात. स्पीकर आणि सब त्या मानाने पुष्कळ वर्षं साथ देतात, म्हणून पैसा लावायचाच झाला तर तिथे. आणि डिरॅकचं लायसन्स बऱ्याच रिसीव्हरवर वेगळं विकत घ्यावं लागतं, तेही बजेटमधे धरलंय का ते बघा.

पैशाची बाजूही पक्की नाही. तुम्ही लिहिलंय की फंडात ४ महिन्यांचा खर्च आहे आणि खर्च पगाराच्या दोन तृतीयांश. म्हणजे फंडातून एक पगार काढला की दीड महिन्याचा खर्च गेला, उरले अडीच महिने, आणि हप्ता सुरू झाला की दरमहा जे उरतं त्यातला पाव भाग त्यात जाणार, म्हणजे फंड परत भरायचा वेगही कमी. नोकरीला किंवा तब्येतीला काही झालं तर दोन्ही बाजूंनी अडकाल. हप्ता बिनव्याजी असला तरी प्रोसेसिंग फी आणि रोखीने मिळणारी सूट आधी विचारून घ्या, व्याज बहुतेक तिथेच लपलेलं असतं.

मग करायचं काय, तर यूएसबी मेजरमेंट माइक घ्या, यूएमआयके-१ सारखा, ज्याच्या सिरियल नंबरप्रमाणे कॅलिब्रेशन फाइल मिळते. त्याची किंमत तुमच्या बजेटचा छोटासा तुकडा आहे, या महिन्याच्या बचतीतून येईल. मापायचं सॉफ्टवेअर आरईडब्ल्यू, ते फुकट आहे. माइक ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला, एसी-पंखा बंद, आणि १५ ते २०० हर्ट्झचा स्वीप, म्हणजे खालून वर सरकत जाणारा टेस्टचा आवाज. मग सोफा ८०-८५ सेंटिमीटर मागे सरकवून, म्हणजे लांबीच्या दोन तृतीयांश अंतरावर, परत मापा. तिथे पहिला मोड शून्यावर राहत नाही आणि दुसरा अर्ध्यावर येतो. १०३ च्या आसपास तिसरा मोड तिथे जोरात असेल, पण उंचवटा आहे, कापता येतो. यानेच काम झालं तर तुमचे जवळजवळ सगळे पैसे वाचले. सबची जागाही बदलून बघा, फुकटच आहे.

जागा ठरली की ऑडिसी नव्याने चालवा, पहिलं माप मुख्य सीटवर, आठही जागा घ्या, घाई करू नका, इथेच बहुतेकांचं बिघडतं. नंतर स्पीकर लार्ज दाखवत असतील तर स्मॉल करून क्रॉसओव्हर ८० ला ठेवा, म्हणजे ८० हर्ट्झच्या खालचा बास सबकडे जाईल. सबचं अंतर टेपच्या मापापेक्षा जास्त दाखवेल, ते बदलू नका, सबच्या आतल्या सर्किटचा उशीर त्यात धरलेला असतो.

सोफा हलवणं शक्यच नसेल आणि खड्डा ग्राफवर स्वच्छ दिसत असेल, तर दुसरा सब हा खरा उपाय, समोरच्या आणि मागच्या भिंतीच्या मधोमध एकेक. दोघं एकाच फेजमधे, म्हणजे एकाच तालात ढकलत, वाजले की लांबीचा पहिला मोड फारसा उठतच नाही. ध्वनी संशोधक टॉड वेल्टी यांचा २००२ चा अभ्यासही समोरासमोरच्या भिंतींच्या मध्याला सब ठेवण्याच्या बाजूने आहे. पण तो सब हप्त्यावर नाही, फंडाला हात न लावता दरमहा बाजूला टाकून घ्यायचा, पाच-सहा महिने थांबावं लागलं तरी चालेल. रिसीव्हर बदलायचा विचार त्यानंतर, तोही दोन सब जुळवायला सध्याचा कमी पडतोय असं मापात दिसलं तरच.

ग्राफ काढलात की सोफ्याच्या दोन्ही जागांचे पाठवा, ३४ आणि ६९ च्या आसपास किती डीबीचा फरक आहे ते बघून दुसऱ्या सबचं बजेट ठरवू.