सरकारी प्रायोगिक योजनेतून सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नाची खरी परीक्षा होते का?

काही अंशी होते. सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न म्हणजे सरकारने प्रत्येकाला नियमितपणे, विनाअट ठरावीक रक्कम देणं. फिनलंडने २०१७-१८ मध्ये २,००० बेरोजगारांना दरमहा ५६० युरो विनाअट दिले. नोकरी लागली तरी पैसे बंद झाले नाहीत. फुकट पैसे मिळाले की लोक काम सोडतात, ही भीती तिथे खरी ठरली नाही. रोजगार किंचित वाढलाच. मला त्याहून मोलाचं वाटतं ते म्हणजे लोकांचा मानसिक ताण कमी झाला. पण नोकरदार, गृहिणी त्यात नव्हत्याच. शिवाय पैसे दोन वर्षांनी थांबणार हे माहीत असताना आयुष्याचे मोठे निर्णय कोण घेईल? सगळ्यांना पैसे दिल्यावर महागाई आणि करांचं काय होईल, हेही एवढ्या छोट्या प्रयोगातून कळत नाही. त्यासाठी अख्ख्या गावाला दीर्घ मुदतीसाठी रक्कम द्यायला हवी.