एक पडला तर? पहिल्या डीबीए स्पर्धेआधी एक पत्र

प्रिय मित्रा,

अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

टेबलावर बाहुल्या मांडून प्राचीन लढाया खेळायच्या, त्या डीबीए खेळाच्या क्लबातल्या स्पर्धेच्या यादीत तुझं नाव पाहून बरं वाटलं. तू तीन गोष्टी विचारल्या होत्यास: सैन्य कोणतं घेऊ, पोरसाचं हत्तीवालं सैन्य चालेल का, आणि फासे रुसले तर काय करायचं. मी तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या दोघांचा निकाल तिथेच लागतो.

फिल बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’, म्हणजे डीबीएची नियमावली, काढली. त्याआधी प्राचीन लढायांचा खेळ म्हणजे टेबलभर बाहुल्या, पानंच्या पानं कोष्टकं आणि अख्खा रविवार. त्यांनी सैन्य बारा एलिमेंटवर (एलिमेंट म्हणजे एका बेसवर चिकटवलेल्या बाहुल्यांची तुकडी) आणलं, खेळ तासाभरात बसवला आणि सेनापतीच्या सगळ्या अडचणी, म्हणजे न पोचलेले निरोप, धुळीत न दिसलेली निशाणं, हुकमाचा भलताच अर्थ लावणारे सरदार, हे सगळं एका फाशात कोंबलं. आपला डाव, म्हणजे पाळी, आली की फासा टाकायचा. जेवढे पडतील तेवढे पिप, म्हणजे तेवढे हुकूम. एका पिपला एक एलिमेंट हलतो, किंवा एकमेकांना चिकटून उभा असलेला एक गट. उरलेले पिप पुढच्या डावाला राखता येत नाहीत.

राखता येत नाहीत, यावर थांबून विचार कर. तुझी फळी मोडलेली नाही, सगळी एका रांगेत आहे, तोवर ती पुढे न्यायला एकच पिप पुरतो. म्हणजे पहिल्या दोन-तीन डावांत पाच-सहा पडले तर चार-पाच पिप मोकळे असतात. नवखे खेळाडू तेव्हा फळीच थोडी इकडे, थोडी तिकडे करत बसतात. ते पिप घोडदळाला बगलेवर पाठवायला वापर, वेलाइट्सना, म्हणजे हलक्या भालाफेक्यांना, टेकडीवर चढवायला वापर. एकदा का फळ्या भिडल्या, की कुणी मागे रेटला जातो, कुणी पुढे घुसतो, गटाचे तुकडे होतात आणि जिथे एक पिप पुरत होता तिथे चार लागतात. बगलेवरच्या घोड्यांना तेव्हा कुणी विचारत नाही. क्लबात अर्धे लोक ‘घोडदळ पोचलंच नाही’ म्हणून हळहळताना दिसतील. त्यांनी ते उशिरा सोडलेलं असतं, एवढंच.

आता एक पडण्याबद्दल. सहातून एकदा तो पडणार. आठ-दहा डावांच्या खेळात बहुधा एकदा तरी, कधी दोनदाही. ही काही दैवाची अवकृपा नव्हे, खेळाचा भाग आहे. म्हणून मांडणी करतानाच स्वतःला विचार: या डावात एकच पडला तर मी काय हलवीन? उत्तर झटकन आलं तर मांडणी ठीक. ‘हे हलवलं तर ते उघडं पडतं’ असं सुरू झालं, तर मांडणी बदल, कितीही देखणी असली तरी. फासा समोरच्यालाही एक देतोच. त्याच्या एकच्या डावात तुझं सैन्य त्याला त्रास देण्याच्या जागी असलं पाहिजे, आणि तुझ्या एकच्या डावात तुला निभावून नेता आलं पाहिजे. शकुनीचे फासे आपल्या क्लबात कुणाकडे नाहीत, माझी खात्री आहे.

थोडं गणित करू. हे कागदावर एकदा स्वतः करून बघ, कारण इथे फार लोक अंदाजावर खेळतात. चकमकीत दोन्ही बाजू आपापल्या गुणात फासा मिळवतात. कमी बेरजेचा एलिमेंट बहुधा मागे रेटला जातो. बेरीज समोरच्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी असेल तर तो टेबलावरून उचलायचा. सगळी अधिक-वजा होऊन दोघांकडे ४ गुण उरले असं धर. तुझा एलिमेंट मरायला तुला १ आणि त्याला ६ पडायला हवा: ५ विरुद्ध १०. छत्तीस शक्यतांपैकी एक. आता त्याचा एक एलिमेंट तुझ्या बाजूला ओव्हरलॅप करतोय, म्हणजे कडेला येऊन टेकलाय, तुझे ३ झाले. मोजलंस तर छत्तीसपैकी चार शक्यता निघतात. दोन्ही बाजूंनी ओव्हरलॅप असला आणि तुझे २ झाले, तर छत्तीसपैकी नऊ. एक, चार, नऊ. दोन ओव्हरलॅपने तुझं मरण नऊपट जवळ आलं, फासे मात्र तेच. ‘आज माझे फासेच वाईट’ म्हणणाऱ्याच्या शेवटच्या तीन चकमकी आठवून बघ. बहुतेक वेळा नाचता येईना अंगण वाकडं हाच प्रकार असतो.

यातूनच पुढची गोष्ट निघते, जी नियमांच्या पुस्तकात एका ओळीत आहे आणि जिच्यावर स्पर्धा जिंकल्या जातात. ज्याचा डाव आहे तो चकमकींचा क्रम ठरवतो. फळीत चार ठिकाणी भिडलायस, तर जिथे तू सरस आहेस ती चकमक आधी सोडव. समोरचा मागे रेटला गेला की त्याच्या शेजाऱ्याच्या कडेला तुझा एलिमेंट ओव्हरलॅप म्हणून उभा राहतो. मग शेजारची चकमक. ती एक गुण वर होऊन लढली जाते. तिथेही मागे रेटला, तर त्यापुढची. डावीकडून उजवीकडे सवयीने फासे टाकत जाणारा खेळाडू ही देणगी रोज सोडून देतो. आणि रेटला जाणारा एलिमेंट बगलेवर किंवा पाठीवर शत्रूच्या पुढच्या कडेला टेकलेला असेल, तर तो मागे जाऊच शकत नाही, मरतो. तुझं बगलेवरचं घोडदळ वेळेत पोचावं असं मी वर का म्हटलं, ते आता कळलं असेल.

पोरसाच्या सैन्याचा मोह मला समजतो. इंग्लंडात बसून भारतीय सैन्य मांडायचं, हत्ती रंगवायचे, झूल काढायची, यात एक मजा आहेच, आणि रंगवायच्या छंदासाठी तू ते जरूर घे. स्पर्धेसाठी, पहिल्याच वर्षी, नको. हत्ती हलवायला बहुतेक वेळा जास्तीचा पिप मोजावा लागतो, आणि पिपची गत वर सांगितलीच. शिवाय बार्करांनी हत्तींची भीती घोड्यांना घातली आणि हत्तींना भीती घातली हलक्या भालाफेक्यांची. दोन्ही गोष्टी इतिहासातूनच आल्या आहेत. इ. स. पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाने हत्ती पायदळापुढे अंतरा-अंतरावर उभे केले, म्हणजे अलेक्झांडरचे घोडे जवळ यायला धजू नयेत. तो हिशोब बरोबर ठरला. मॅसिडोनियन घोडदळ त्या हत्तींवर समोरून गेलंच नाही. ते बगलेवर गेलं, मागून अलेक्झांडरचा सरदार कोइनस याची तुकडी आली, आणि हत्तींच्या वाट्याला आले भालाफेके. माहूत पडले, जखमी हत्ती कोंडीत सापडले आणि आपल्याच माणसांना तुडवू लागले. त्याआधी पोरसाच्या मुलाचे रथ पावसाच्या चिखलात रुतले होते. ग्रीक इतिहासकार एरियन वाचशील तेव्हा ही लढाई डीबीएच्या टेबलावर ठेवून वाच. अलेक्झांडरकडे त्या दिवशी पिप भरपूर होते आणि पोरसाकडे एकच, असं वाटत राहतं.

पण हत्ती टाकाऊ आहेत असा अर्थ काढू नकोस. चंद्रगुप्ताशी तह करून सेल्युकसने मिळवलेले हत्ती इ. स. पू. ३०१ मध्ये इप्ससला, अलेक्झांडरच्या सरदारांच्या आपसातल्या लढाईत आले. समोर होता अँटिगोनस. त्याच्या मुलाचं, डेमेट्रियसचं, घोडदळ पाठलाग करत लांब गेलं आणि परतताना मधे हत्तींची भिंत उभी. घोडे पुढे जाईनात. एकटा पडलेला म्हातारा अँटिगोनस तिथेच मारला गेला. हत्ती तिथे वाट अडवून उभे राहिले, आणि उभं राहायला पिप लागत नाही! समोर कुणी हत्ती घेऊन आला, तर वेलाइट्स त्याच्यापुढे ठेव. तू स्वतः कधी घेतलेस, तर नाइट वर्गातल्या, म्हणजे धडक देणाऱ्या, घोडदळासमोर उभे कर आणि शक्यतो हलवू नकोस.

तर मग कोणतं सैन्य? माझा सल्ला पॉलिबियन रोमन, म्हणजे इतिहासकार पॉलिबियसने वर्णिलेलं रोमन सैन्य. बारापैकी सहा एलिमेंट तलवारबाज, दोन भालेवाले ट्रिआरी, दोन घोडदळ, दोन वेलाइट्स. जाड, सरळ, एका गटात चालणारी फळी. एक पडला तरी पुढे सरकते. घोडदळ दोनच असल्यामुळे बगलेची हाव सुटत नाही. वेलाइट्स कुठल्याही खडबडीत जमिनीत शिरतात आणि थ्रेट झोनच्या (एलिमेंटच्या समोरचा पट्टा, जिथे शत्रूला मोकळेपणी हलता येत नाही) जोरावर समोरचे दोन-तीन एलिमेंट अडकवून ठेवतात, दोन-तीन डाव तरी. काही जण तुला सांगतील की हे सैन्य कंटाळवाणं आहे. आहेच. कंटाळवाणं सैन्य घेतलं की खेळाडूला नियम शिकायला वेळ मिळतो. लांब भाल्यांचे पाइकवाले, स्वारवाले, हत्तीवाले, सगळ्यांशी हेच सैन्य खेळव, वर्षभर. दर महिन्याला नवी यादी चाळून ‘अजिंक्य’ सैन्य शोधणारे आपल्याकडे आहेत. ते रंगवतात सुंदर, पण आपलं कोणतंच सैन्य त्यांच्या अंगवळणी पडत नाही.

जमिनीबद्दल थोडक्यात. ज्याचा आक्रमकतेचा गुण फाशासकट कमी तो बचाव करणारा, आणि भूप्रदेश त्याच्या घरचा. तू बचाव करत असशील तर तुला भूप्रदेश निवडायला मिळतो, पण सैन्यही तूच आधी मांडतोस. रोमनांना मधे मोकळं मैदान आणि एका कडेला वेलाइट्सपुरती टेकडी किंवा झाडी, एवढं पुरे. चारी कोपऱ्यांत जंगल ठेवलंस तर तुझ्याच तलवारबाजांचे पाय अडकतील.

टेबलावरच्या वागण्याबद्दल मात्र थोडं लांबण लावणार आहे. एलिमेंट हलवताना मनातलं बोलून दाखव. ‘हा इथे आलाय म्हणजे तुझ्या भालेवाल्यांच्या थ्रेट झोनच्या बाहेर आहे, बरोबर?’ समोरच्याने हो म्हटलं की पुढच्या डावात मिलिमीटरवरून भांडण उरत नाही. अंतर मोजायचं असेल तर त्याच्यादेखत मोज, आणि पट्टी तू धरलीस तर नजर त्याला टाकू दे. फासा पुस्तकावर तिरका अडकला, टेबलाखाली गेला, तर परत टाकायचा. हे खेळ सुरू व्हायच्या आधी बोलून घे, सहा पडल्यावर नको. नियमावर एकमत होईना तर दोन मिनिटांत पंचांना हाक मार. पंच चुकीचं सांगताहेत असं वाटलं तरी तो खेळ त्यांच्या शब्दावर पुरा कर आणि चहाच्या वेळी पुस्तक उघड. एलिमेंट वेडावाकडा वळवून समोरच्याला भिडायला कोनच मिळू नये, अशा युक्त्या तुला कुणीतरी शिकवेलच. त्या बऱ्याचदा नियमात बसतात. माझ्या मते त्या करू नयेत. खऱ्या मैदानावर साठ अंशांत उभं राहिलं म्हणून कुणाचा भाला चुकला नसता, आणि एका दिवसात चार खेळ असतात. दुपारपर्यंत सगळ्या हॉलला कळलेलं असतं की कोण कसा खेळतो.

घड्याळाकडेही लक्ष असू दे. वेळ संपली की बरोबरी, आणि जिंकत आलेला खेळ बरोबरीत सुटला की फार चरफडायला होतं. चार एलिमेंट मारून त्याच्यापेक्षा कमी गमावले की खेळ संपतो. तीन मारलेस तर चौथा कुठून येणार ते आधीच हेरून ठेव. त्याचा सेनापती मागे लागण्यासारखा असेल तरच लाग, नाहीतर ज्या एलिमेंटला दोन ओव्हरलॅप देता येतील तो शोध.

रंगकामाचं टेन्शन घेऊ नकोस. पंधरा मिलिमीटरच्या बाहुल्यांचे चेहरे हातभर अंतरावरून कुणाला दिसत नाहीत. ढाली आणि बेस नीट रंगव, बाकी वॉशने, म्हणजे पातळ रंगाच्या हाताने, भागतं. बेसखाली लोखंडी पत्रा चिकटव आणि डब्यात चुंबकी कागद घाल, म्हणजे बसच्या खड्ड्यांत भाले मोडत नाहीत. बेसच्या रुंदीएवढी एक काडी कापून घे. सगळी मापं त्यात येतात.

शनिवारी सकाळी साडेआठला स्टेशनबाहेर उभा राहा, मी गाडी घेऊन येतो. डबा मांडीवर ठेवायचा, डिकीत नाही. पहिल्या फेरीच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात, त्यामुळे आपण दोघंच समोरासमोर आलो तर दचकू नकोस. मी कार्थेजचं सैन्य आणणार आहे.

कळावे,
तुझा काका

ता. क. माझ्या सैन्यात एक हत्ती आहे. वेलाइट्स कुठे ठेवायचे ते वर लिहिलंच आहे.