शाळा सुटणार की घरी येणार?

प्रश्न : मुलगा 14 वर्षांचा, नववीत आहे. शाळेत रमत नाही, वाचन मात्र अफाट. पुढच्या वर्षी त्याला घरीच शिकवायचं ठरवलंय. वेळापत्रक तयार आहे : पहाटे 6 ला सुरुवात, रोज 40 पानं वाचून सारांश, दर तीन महिन्यांनी एक शोधनिबंध. विषय एआय आणि अर्थशास्त्र, कारण पुढे परदेशात पाठवायचंय. सध्या जुन्या नाण्यांत वेळ घालवतो. ‘नहपान राजाची नाणी वितळवली का नाहीत, वरून ठसा का मारला?’ असलं काहीतरी विचारत बसतो. हा नाद कसा सोडवावा?
– एक पालक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : नाद सोडवू नका. अख्ख्या पत्रात मुलाचं स्वतःचं म्हणावं असं तेवढं एकच वाक्य आहे. बाकी सगळं तुमचं, अगदी शोधनिबंधाचे विषयसुद्धा. पहाटेपासून हजेरी आणि सारांशाची तपासणी असेल तर शाळा सुटली कुठे? फक्त मास्तर बदलले, आणि ते संध्याकाळीही घरीच असणार.

त्याचा प्रश्न फालतू नाही. 1906 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, जोगळटेंभीला, क्षत्रप राजा नहपानाची 13 हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यातल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, पुन्हा आपले ठसे मारलेले आहेत. वितळवून नवी का पाडली नाहीत? घाई, खर्च की जिंकल्याची जाहिरात? याला म्हणतात संशोधनाचा प्रश्न. आणि तुम्हाला अर्थशास्त्र हवंय ना? पांडवलेणीच्या दहाव्या लेण्यात नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, 2000 कार्षापण (तेव्हाची नाणी) दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले, दुसऱ्या श्रेणीकडे 1000 पाऊण टक्क्याने. दोन दर वेगळे का, हे त्याला विचारून बघा. मग अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेत घेऊन जा, आणि तिथे तुम्ही गप्प बसा.

शोधनिबंध छापून आला की परदेशी विद्यापीठाचं दार उघडतं, हा समज डोक्यातून काढा. पैसे भरले की काहीही छापणारी नियतकालिकं पैशाला पासरी आहेत, आणि प्रवेश देणाऱ्यांना ती ओळखू येतात. तीन महिन्यांत निबंध हवा असेल तर मुलगा उतारे जोडायला शिकेल. थोडक्यात, कॉपी करायला. त्यापेक्षा त्याने एक वही ठेवावी : काय पाहिलं, काय वाटलं, कुठे चुकलं. ती तुम्ही तपासायची नाही.

परीक्षेची चिंता करू नका. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून दहावी करता येते, बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्मही आहे. पुढे पुरातत्त्वाकडे वळला तर पुण्याला डेक्कन कॉलेज आहेच.

शाळा सोडायची की नाही, हे मात्र मी आत्ता सांगणार नाही. ‘रमत नाही’ म्हणजे नेमकं काय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कंटाळा, एखादे शिक्षक, की मुलं त्रास देतात? पुढचं पत्र त्याला लिहू द्या. पाठवण्याआधी वाचू नका.