कळांच्या वेळी जवळ कोण असावं?

प्रश्न : मला सातवा महिना आहे. पहिलंच बाळंतपण, पुण्यातल्या खासगी रुग्णालयात नाव नोंदवलंय. मैत्रीण म्हणते डूला घे. सासूबाई म्हणतात, डॉक्टर आहेत, नर्स आहेत, तुझी आई येणार आहे. मग पैसे देऊन आणखी एक बाई कशाला? डूला नक्की करते काय?

उत्तर : सासूबाईंची शंका रास्त आहे, म्हणून आधी डूला काय करत नाही ते सांगतो. ती आतून तपासत नाही, रक्तदाब बघत नाही, बाळाचे ठोके ऐकत नाही, औषध देत नाही. ‘सिझेरियनला नाहीच म्हणा’ असा आग्रह धरणारी डूला भेटली तर तिला सरळ नकार द्या. तिचं काम एकच : कळा वाढल्यापासून बाळ छातीशी येईपर्यंत तुमच्याजवळून हलायचं नाही. नर्सकडे एका वेळी अनेक जणी असतात आणि ड्यूटीही बदलते. डॉक्टर अधूनमधून येऊन बघतात. ही सलग सोबत नेमकी तिथे कमी पडते. २०१७ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १७ देशांतले २६ अभ्यास एकत्र तपासले, त्यात १५ हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. सलग सोबत मिळालेल्यांमध्ये नैसर्गिक प्रसूती जास्त झाल्या, सिझेरियन आणि वेदनाशामकं कमी लागली.

सोबत म्हणजे नुसतं हात धरून बसणं नव्हे. कळ कमरेत येत असेल तर तुम्ही पलंगावर ओणवं व्हायचं. डूला माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर तळहाताचा खालचा भाग ठेवते, कळ सुरू होताच जोरात दाबते आणि कळ ओसरेपर्यंत दाब सोडत नाही. चोळायचं नाही, दाबून धरायचं. किती जोर हवा हे तुम्हीच सांगायचं. बहुतेकींना वाटतं त्यापेक्षा बराच जास्त लागतो. दुसरी पद्धत म्हणजे दोन्ही बाजूंनी कुल्ल्यांवर तळवे ठेवून आत आणि किंचित वर दाबायचं. डॉक्टरांची हरकत नसेल तर दोन कळांच्या मध्ये पाण्याचा घोट घ्यायचा. अर्ध्या-पाऊण तासाने बसण्याची पद्धत बदलायची. दर दोन तासांनी लघवीला जायचं, कारण भरलेलं मूत्राशय बाळाच्या खाली सरकण्याच्या आड येतं. एपिड्युरल, म्हणजे कळा जाणवू नयेत म्हणून पाठीच्या कण्यातून दिलं जाणारं औषध, घेतलं तरी कूस बदलून द्यायला, धीर द्यायला ती लागतेच.

ठरवताना चार गोष्टी विचारा. ३८ ते ४२ आठवड्यांत ती रात्री-अपरात्री येईल का? तिला जमलं नाही तर बदली कोण? आधी आणि नंतर किती भेटी? सिझेरियन झालं तर पैशांचं काय? डूलासाठी आपल्याकडे सरकारी परवाना नसतो, प्रमाणपत्रं खासगी संस्थांची असतात. म्हणून आधीच्या दोन-तीन बाळंतिणींशी बोलून घ्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेबर रूममध्ये एकालाच सोडतात की दोघांना, हे रुग्णालयाला आत्ताच विचारा. ऐन वेळी दारात ‘नवरा की डूला’ असा वाद व्हायला नको.

प्रश्न : वहिनीचं नाव जिल्हा रुग्णालयात आहे. डूला परवडणार नाही. मी तिच्यासोबत आत जाऊ शकते का? मला दोन मुलं आहेत.

उत्तर : सरकारी रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला केंद्र सरकारने २०१६ मध्येच मान्यता दिली आहे. स्वतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातली बाई असावी अशी त्यात अपेक्षा आहे, म्हणजे तुम्ही अगदी योग्य. सर्दी-ताप, त्वचेचा संसर्ग नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेजारच्या बाईच्या उपचारात पडू नये. पुढच्या तपासणीलाच तिथल्या सिस्टरना भेटून विचारून ठेवा.

वर दिलेलं कंबर दाबणं आठव्या महिन्यापासून घरी करून बघा. मात्र जोर बेताचाच लावा, हात कुठे ठेवायचा एवढं कळलं म्हणजे पुरे. आत गेल्यावर ‘गर्भाशयाचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं?’ असं सारखं विचारू नका. नर्सने सांगितल्याशिवाय ‘जोर लाव’ म्हणू नका. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडण्याआधी जोर लावला की ती थकते आणि तिथे सूजही येऊ शकते. त्या वेळी लांब फुंकर मारायला सांगा. आणि तुमच्या बाळंतपणातलं अवघड तेवढं तिला त्या दिवशी सांगू नका.

घरी असताना पाणमोट फुटून पाणी हिरवट आलं, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट न बघता निघा.

प्रश्न : मुलीचं सिझेरियन झालंय, आठवा दिवस आहे. शेक-शेगडी कधी सुरू करू? दूध पुरत नाही असं वाटतं. शिवाय मुलगी स्वतःही उगाच रडते.

उत्तर : बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरी अजिबात नको. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, आणि धुराने बाळाची छाती भरते. गरम पाण्याच्या पिशवीने पाठ शेका, टाक्यांपासून दूर. हात-पाय, पाठ हलक्या हाताने चोळायला हरकत नाही; पोटाला मालिश डॉक्टरांनी सांगेपर्यंत थांबवा. एकाच पोटरीत दुखून सूज आली तर ती चोळायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

दुधाचा अंदाज बाळाच्या रडण्यावरून बांधू नका, लंगोटांवरून बांधा. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून येत असेल, तर दूध पुरतंय. दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावं. टाक्यांवर भार येऊ नये म्हणून कुशीवर झोपून, किंवा बाळाला काखेखाली उशीवर धरून पाजू द्या. पाजताना स्तनाग्र दुखत असेल तर बहुधा बाळाने फक्त टोकच धरलेलं असतं. आधी हनुवटी टेकवून तोंड मोठं उघडू द्या. मध घातलेली घुटी वर्षभर नको.

तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणं, ताप, टाक्यांतून पू, डोकं ठणकून अंधुक दिसणं, यातलं काहीही झालं तर लगेच रुग्णालय गाठा.

मुलीच्या रडण्याबद्दल : बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत असं भरून येणं नेहमीचं आहे. तिला सलग चार तास झोप मिळेल अशी व्यवस्था करा. त्यासाठी आधीच काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने दुसऱ्या कुणी पाजावं. दोन आठवड्यांनंतरही रडू थांबलं नाही, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं, बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप येईना, तर हे प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं आणि ते उपचारांनी बरं होतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार ती बोलून दाखवत असेल तर तिला क्षणभरही एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो. तिची इच्छा नसेल तर आधी तुम्ही फोन करून विचारलंत तरी चालेल.