व्हायरस गेला, तरी मशीन रांगतंय

प्रश्न : मालवणात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. प्रवेशाच्या गर्दीत कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून शॉर्टकट व्हायरस शिरला. ओळखीच्या मुलाने आणखी एक अँटीव्हायरस टाकून तो काढला. पण पूर्वी दोन मिनिटांत सुरू होणारा कॉम्प्युटर आता पंधरा मिनिटं घेतो, आणि सुरू होताना 'स्क्रिप्ट फाइल सापडत नाही' अशी चौकट येते. मशीन आठ वर्षांचं आहे. सगळे म्हणतात, फॉरमॅट मारा. मारू का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : ताई, आज तरी मारू नका.

ती चौकट बघून घाबरू नका. व्हायरसची फाइल गेली आहे, पण रोज सकाळी तिला हाक मारायचा हुकूम मागे राहिलाय. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात स्टार्टअपच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट' असं काही दिसलं तर ते डिसेबल करा. तिथे नसेल तर टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, बघा. दोन अँटीव्हायरस एकाच फाइलवर तुटून पडतात, त्यातला एक काढून टाका. मग डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन लावा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज उठायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे उरलंसुरलं लपून बसू शकत नाही.

एवढं करूनही पंधरा मिनिटं लागत असतील, तर माझा संशय हार्ड डिस्कवर आहे. काहीही उघडलेलं नसताना टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांवर चिकटून आहे का बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम डिस्कची तब्येत सांगतो. निळा रंग म्हणजे ठीक. पिवळा आला तर त्याच क्षणी दुसरं सगळं थांबवा आणि फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. मरायला टेकलेल्या डिस्कवर स्कॅनवर स्कॅन आणि वर फॉरमॅट, यात लोकांचा डेटा गेलेला मी पाहिलाय.

रत्नागिरीत दुरुस्ती करताना आमच्या किनाऱ्याची एक गोष्ट मला पुनःपुन्हा दिसते. गेल्या पावसाळ्यात एका खानावळीचं मशीन आलं. व्हायरस समजून तीनदा फॉरमॅट मारलेलं. कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरच्या पंख्यावर धूळ आणि खारी ओल मिळून काळी खळ बसलेली, पाती जेमतेम फिरत होती. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो, मग विंडोज नवं असो की जुनं. पंखा साफ केला, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, रॅमच्या पट्टीची टोकं खोडरबराने पुसली. दुपारी ते मशीन धावत होतं. तुमचंही एकदा उघडून घ्या.

डिस्क ठीक निघाली तरी साधी फिरती असेल, तर एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. जुन्या मशीनवर खर्च करायचाच तर तो इथे करा. नव्या एसएसडीवर विंडोजही कोरंच टाकून घ्या, म्हणजे फॉरमॅटचा फायदाही पदरात पडला आणि जुनी डिस्क शाबूत राहिली. फक्त विंडोज १० परत टाकू नका; त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मशीन विंडोज ११ घेतं का, ते आधी तपासा.

मला वेगापेक्षा जास्त काळजी तुमच्या गिऱ्हाइकांची वाटते. डाउनलोड्समध्ये किती जणांची आधार कार्डं आणि पासबुकं पडून आहेत ते आजच बघा. काम झालेली पुसा, रिसायकल बिनही रिकामी करा. तुमचे बँकेचे आणि मेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून बदला. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आणि पेन ड्राइव्हचं. विंडोज ७पासून तो लावल्या लावल्या आतला प्रोग्राम आपोआप चालत नाही. म्हणून हा व्हायरस खरा फोल्डर लपवतो, त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवतो आणि आपल्या डबल क्लिकची वाट बघतो. फोल्डरच्या चित्राच्या डाव्या कोपऱ्यात खाली छोटा वाकडा बाण दिसला, तर हात लावू नका. पेन ड्राइव्ह काढून द्या आणि फाइल मेलवर मागवा.