वाचकांचे प्रश्न : अडकणारा लॅपटॉप आणि फॉरमॅटचा सल्ला

प्रश्न : माझा लॅपटॉप 2015 साली घेतलेला आहे. गावच्या देवळातील उत्सवात आम्ही दरवर्षी संगीत नाटक करतो. त्याच्या संहिता, तालमींची ध्वनिमुद्रणे आणि मंडळाचे हिशेब या एकाच लॅपटॉपवर आहेत. गेल्या पावसाळ्यापासून तो मध्येच हँग होतो. माउसचा बाण हलतो, पण काहीही उघडत नाही आणि हार्ड डिस्कचा दिवा पेटलेलाच राहतो. कधी कधी सुरू करताना ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’ असा संदेश येतो, मात्र बंद करून पुन्हा चालू केला की सुरूही होतो. दुकानदार फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकण्यास सांगतो. तसे करावे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : तूर्त मुळीच करू नये. आपण दिलेली लक्षणे विंडोजपेक्षा हार्ड डिस्ककडे बोट दाखवतात, आणि डिस्कच खराब होत असेल तर फॉरमॅटने संहिता जातील, दोष मात्र जागच्या जागी राहील.

माउसचा बाण हलतो, ही आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी नोंद आहे. रॅम, प्रोसेसरची उष्णता किंवा मदरबोर्ड यांपैकी काही बिघडले असते, तर बहुधा बाणासकट सारा पडदा थिजला असता किंवा लॅपटॉप अचानक बंद पडला असता. येथे प्रोसेसर जागा आहे, पण डिस्कवरील एखादा भाग वाचता येत नसल्यामुळे डिस्क तोच भाग पुनःपुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते, आणि तोवर विंडोजला थांबून राहावे लागते. दिवा पेटलेला राहतो तो त्यामुळेच. सुरू होताना डिस्क वेळेत तयार झाली नाही, तर ती सापडत नसल्याचा संदेश येतो.

म्हणून लॅपटॉप पुढच्या वेळी नीट सुरू झाला की दुसरे कोणतेही काम न करता बाहेरची डिस्क किंवा पेनड्राइव्ह जोडून आधी संहिता आणि हिशेब उतरवून घ्यावेत, कारण या फायली लहान असतात आणि पुन्हा मिळणाऱ्या नसतात, ध्वनिमुद्रणे त्यानंतर. एखाद्या फायलीवर प्रत काढणे अडकले तर ती सोडून पुढे जावे. हे होईपर्यंत ‘चेक डिस्क’सारखी दुरुस्तीची आज्ञा चालवू नये; संपूर्ण तपासणीत सगळी डिस्क वाचली जाते आणि मरणपंथाला लागलेली डिस्क त्या श्रमानेच कायमची बंद पडू शकते. विंडोज सुरूच होत नसेल, तर दुसऱ्या संगणकावर लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून लॅपटॉप चालू करता येतो आणि फायली काढता येतात.

त्यानंतर निदान. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्राम डिस्कने स्वतःच ठेवलेली प्रकृतीची नोंद दाखवतो. त्यातील 05 आणि सी5 या ओळींत शेवटच्या रकान्यात शून्याखेरीज आकडा असेल, विशेषतः तो वाढत असेल, तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होत आहे असे समजावे. या दोन्ही ओळी स्वच्छ असून सी7 ही ओळ वाढत असेल, तर संशय डिस्कपेक्षा तिच्या जोडणीवर जातो. अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क एका पातळ चपट्या केबलने मदरबोर्डला जोडलेली असते, आणि आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत तिचे संपर्कबिंदू काळवंडू शकतात. तक्रार पावसाळ्यापासून सुरू झाली असल्याने ही शक्यता मी सोडून देणार नाही. चार्जर व बॅटरी काढून, डिस्क आणि केबल सोडवून पुन्हा नीट बसवणे हे दुकानातले थोड्या वेळाचे काम आहे. फॉरमॅटऐवजी दुकानदाराला आधी हे करण्यास सांगावे. (लॅपटॉप तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा घरगुती उपाय मात्र करू नये, तांदळाची पूड आत जाते, एवढेच.)

डिस्कच खराब निघाली तर त्याच जागी अडीच इंची साटा (जोडणीचा प्रकार) एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसते. तिच्यात फिरणारे भाग नसतात आणि जुना लॅपटॉपही तिच्यामुळे बराच चपळ होतो. विंडोज 10 चा नियमित आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या सुरक्षेच्या सुधारणा, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, आणि 2015 चा प्रोसेसर विंडोज 11 च्या अटींत बसत नाही. केवळ टंकलेखन, हिशेब आणि ध्वनिमुद्रणे ऐकणे एवढेच काम असेल, तर नव्या एसएसडीवर लिनक्स मिंट टाकणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. लिब्रेऑफिस या मोफत लेखन-हिशेबाच्या प्रोग्राममध्ये युनिकोड (सर्व संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरपद्धती) मराठी व्यवस्थित लिहिता येते. संहिता जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतील तर तोच फाँट नव्या ठिकाणीही टाकावा लागेल, म्हणून त्याची फाइलही आताच उतरवून ठेवावी.

नवी डिस्क आणि नवी केबल घालूनही तोच संदेश आला, तर दोष मदरबोर्डचा मानावा. एवढ्या जुन्या यंत्राच्या मदरबोर्डवर खर्च करू नये. काढलेली डिस्क दुकानात सोडून येऊ नका. सगळी ध्वनिमुद्रणे नव्या जागी उघडून ऐकेपर्यंत ती घरीच ठेवावी.