उत्तरेकडच्या हॉलला कोणता ग्रे लावू : निळसर की मातकट?

तुम्ही लिहिलंय की इंदूरच्या सुखलियातला तुमचा हॉल उत्तरेकडे आहे, खाली कोटा फरशी आहे आणि निळसर झाकेचा ग्रे घ्यावा की मातकट, हे ठरत नाहीये. मातकट घ्या.

रामबागेतल्या आमच्या घराचा हॉलही उत्तरेकडचाच. दुकानात ट्यूबलाइटखाली शेडकार्ड पाहून मी निळसर ग्रे पसंत केला होता. कार्डावर फार शांत वाटला. दोन हात देऊन वाळल्यावर आईने भिंतीला तळवा लावून विचारलं, "अगं, इथे ओल आलीय का?" तिला खरंच तसं वाटलं होतं. उत्तरेच्या खिडकीतून वर्षातले बरेच महिने ऊन येत नाही, नुसता आभाळाचा उजेड येतो आणि तो मुळात निळसर असतो. आमची कोटा हिरवट-निळसर, तिच्यावरून परतलेला उजेड भिंतीच्या खालच्या भागावर पडतो. त्यात वर ६५०० केल्विनचे पांढरेफेक एलईडी (केल्विनचा आकडा जितका कमी, तितका दिव्याचा उजेड पिवळा). एवढं सगळं एकत्र आल्यावर भिंतीला सिमेंटची कळा आली.

म्हणून आधी दिवे ठरवा, मग रंग. ३००० केल्विनच्या दिव्यात मातकट ग्रे रात्री पिवळट वाटतो; मी ४००० वर थांबले.

नमुना भिंतीवर लावू नका. शेजारी जुना पिवळा रंग असला की कुठलाही ग्रे आहे त्याहून निळा भासतो. दोन-दोन फुटांच्या पुठ्ठ्यांवर दोन हात द्या, कडेला पांढरी पट्टी सोडा, पूर्ण वाळू द्या. मग ते फरशीला टेकवून, सोफ्यामागे ठेवून, सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहा. आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं: कर्कवृत्त उज्जैनच्या जरा वरून जातं, त्यामुळे मे-जूनमध्ये आपल्याकडे सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतही शिरतं. त्या दिवसांत पसंत केलेला रंग दिवाळीत थंड दिसतो.

सगळे डबे एकाच वेळी मशीनवर बनवून घ्या आणि शेडचा नंबर लिहून ठेवा. नंतर आणलेल्या डब्यात थोडा फरक पडू शकतो आणि ग्रेमध्ये तो लगेच दिसतो.

निळसर ग्रे वाईट नाही. उरलेला डबा आम्ही पश्चिमेच्या खोलीला लावला. दुपारचं पिवळं ऊन आलं की तिथे तो फार सुंदर दिसतो.